सिंगापूरचे ३१ अंश नागपूरच्या ४३ पेक्षा जड का वाटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीमुळे नागपूरचं बिऱ्हाड सिंगापूरला हलवायचंय. तापमानाचा तक्ता पाहिलात, तर बाराही महिने कमाल ३०-३२ आणि किमान २४-२६. नवतप्यात ४५ अंश काढणाऱ्या माणसाला यात अवघड ते काय? तरी तिथे राहून आलेला प्रत्येक जण म्हणतो की उकाडा सोसवत नाही. मग तक्ता चुकलाय की माणसं नाजूक आहेत? याशिवाय जायचं कोणत्या महिन्यात, घर बघताना काय बघायचं, सत्तरी ओलांडलेल्या आईंना कधी बोलवायचं, कूलर न्यायचा का आणि स्वेटर इथेच वाटून टाकायचे का, हेही विचारलंत.

मी वातानुकूलनातला अभियंता. उमेदीची वर्षं इमारतींच्या थंडाव्याची गणितं करण्यात गेली आणि त्यातली बरीचशी सिंगापुरात. त्यामुळे हवेकडे माझी नजर जरा वेगळी. या हवेतून किती उष्णता काढावी लागेल आणि किती पाणी, एवढंच मला दिसतं. तुमच्या प्रश्नाला नेमकी हीच नजर लागते.

तक्ता खरा आहे. माणसंही नाजूक नाहीत. तक्त्यात एक रकाना कमी आहे.

आधी जे रकाने आहेत ते पाहू. १९९१ ते २०२० या तीस वर्षांची सिंगापूरची सरासरी घेतली, तर जानेवारीत कमाल ३०.६ आणि किमान २४.३, एप्रिलात ३२.४ आणि २५.३, मेमध्ये ३२.३ आणि २५.७, डिसेंबरात ३०.५ आणि २४.३. दिवसरात्रीची सरासरी काढली तर सर्वांत गरम मे २८.६ आणि सर्वांत थंड डिसेंबर-जानेवारी २६.८. अख्ख्या वर्षाची चढउतार दोन अंशांचीही नाही. उलट एका दिवसात पहाट ते दुपार सहा-सात अंशांचा फरक पडतो. विक्रम पाहिले तरी तेच. सर्वांत जास्त ३७.०, ते बेटावरच्या वेगवेगळ्या केंद्रांवर, १७ एप्रिल १९८३ला तेंगाहला आणि पुन्हा १३ मे २०२३ला आंग मो किओला. सर्वांत कमी १९.०, ते १४ फेब्रुवारी १९८९ला पाया लेबारला. सगळ्या नोंदींचा आवाका १८ अंशांचा. नागपुरात जानेवारीतल्या एकाच साध्या दिवसात पंधरा-सोळा अंश इकडचे तिकडे होतात.

कारण साधं आहे. हे बेट विषुववृत्तापासून जेमतेम १३७ किलोमीटरवर. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आणि २० सप्टेंबरच्या आगेमागे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि डिसेंबरात तो दक्षिणेला गेला तरी माध्यान्ही क्षितिजापासून ६५ अंश वर असतो. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दहा मिनिटांचाही फरक नाही. त्यात चारी बाजूंनी समुद्र, ज्याचं पाणी वर्षभर २७ ते ३० अंशांच्या मध्येच घोटाळतं. रात्री हवा थंड व्हायला लागली की खाली हे कोमट पाणी आहेच, म्हणून किमान तापमान फारसं उतरत नाही. दुपारी तापायला लागली की निम्मीअधिक उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, ढग चढतात, सूर्य झाकतात आणि कधी कधी सगळं ओतूनही देतात. म्हणून कमालही फारसं चढत नाही. वरून आणि खालून, दोन्हीकडून पाण्याने ही हवा बांधून ठेवलीय.

त्या पाण्याचाच रकाना तुमच्या तक्त्यात नाही.

तुम्ही म्हणाल, आर्द्रता दिली होती की, ऐंशी टक्क्यांच्या वर. दिली असेल, पण टक्केवारी फसवी असते. सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते त्याच्या किती टक्के वाफ सध्या आहे, तो आकडा. तापमान बदललं की वाफेचा एक थेंबही न वाढता-घटता टक्केवारी बदलते. सिंगापुरात पहाटे २५ अंश आणि ९५ टक्के असतात. दुपारी ३२ अंश आणि ६०-६२ टक्के. बघणाऱ्याला वाटतं, दुपारी हवा कोरडी झाली. तशी ती झालेली नसते. दोन्ही वेळचा दवबिंदू काढा, २४ च्या आसपासच येईल. हवा ज्या तापमानापर्यंत थंड केल्यावर तिच्यातून पाणी सुटायला लागतं तो दवबिंदू, आणि हवेत प्रत्यक्षात किती पाणी आहे ते हाच सांगतो. सिंगापूरचा दवबिंदू वर्षभर २३ ते २५ मध्ये राहतो. तिथलं हवामान एका आकड्यात सांगायचं झालं तर मी तापमान सांगणारच नाही, हा आकडा सांगेन.

आता नागपूर आणि सिंगापूर समोरासमोर ठेवू. मेमधली नागपूरची दुपार, ४३ अंश आणि १५ टक्के आर्द्रता. दवबिंदू ११च्या आसपास, आणि किलोभर हवेत साधारण ८ ग्रॅम पाणी. सिंगापूरची दुपार, ३१ अंश आणि ७० टक्के. दवबिंदू २५, आणि किलोभर हवेत जवळजवळ २० ग्रॅम पाणी. आमच्या धंद्यात हवेतली एकूण उष्णता मोजतात. तापमानामुळे असलेली आणि वाफेच्या रूपाने दडलेली, दोन्ही धरून. तशी मोजली तर नागपूरच्या हवेत किलोला सुमारे ६४ किलोज्यूल भरतात आणि सिंगापूरच्या हवेत सुमारे ८२. बारा अंशांनी थंड असलेली हवा प्रत्यक्षात जास्त उष्णता बाळगून आहे. हे गणित नव्या पोरांकडून मी मुद्दाम हाताने करून घेत असे. सॉफ्टवेअरने आकडा दिला की तो डोळ्यांसमोरून नुसता निघून जातो.

शरीराचंही गणित हेच. आपल्याला थंडावा देतो तो घाम येण्याने नाही, घाम वाळण्याने. नागपुरात कपाळावर घाम दिसतच नाही, येता येता वाळतो. तिथे धोका वेगळा. पाणी कमी पडतं, ऊन लागतं. सिंगापुरात घाम येतो आणि तिथेच बसतो. शर्ट पाठीला चिकटतो, मानेवरून धारा वाहतात आणि शरीर काही थंड होत नाही. म्हणून ३१ जड वाटतात. खाली टपकून गेलेला घाम फुकट गेला असं समजा.

कूलरचा प्रश्न यातच निकालात निघतो. कूलर किंवा वाळ्याचा पडदा हवेला जास्तीत जास्त ओल्या फडक्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे आम्ही ज्याला वेट बल्ब म्हणतो तिथपर्यंत, नेऊ शकतो. नागपूरच्या त्या दुपारी हे तापमान साडेबावीसच्या आसपास येतं. ४३ वरून पंचविशी-सव्विशीपर्यंत उतरणं म्हणजे चैन. सिंगापुरात वेट बल्बच साडेसव्वीस. घरगुती कूलर तिथवरही पोचत नाही, फार तर ३१ चे २८ करील आणि बदल्यात खोलीत आणखी पाणी सोडील. नेऊ नका.

मग वर्षाकडे बघायचं कसं? तिथे चार ऋतू शोधत बसू नका. वाऱ्याची दिशा आणि पावसाची वेळ बघा. वर्षाला सरासरी २,११३ मिलिमीटर पाऊस पडतो आणि पावसाचे दिवस भरतात १७१. एवढा पाऊस मुंबईतही पडतो, पण मुंबई तो चार महिन्यांत उरकते. सिंगापुरात एकही महिना १०० मिलिमीटरच्या खाली सरासरी दाखवत नाही. छत्री ही तिथे बारमाही वस्तू.

डिसेंबर आणि जानेवारीचा पूर्वार्ध हा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा ओला काळ. डिसेंबरची सरासरी ३३२ मिलिमीटर, वर्षातली सर्वांत जास्त. दक्षिण चीन समुद्रावरून वारा जोर धरून आला की दोन-दोन, तीन-तीन दिवस झड लागते. आपल्याकडच्या श्रावणझडीसारखी हलकी नव्हे, चांगली दणदणीत. २ डिसेंबर १९७८ला पाया लेबारला एका दिवसात ५१२.४ मिलिमीटर पडला होता. अशा झडीत तापमान दिवसाही २४-२५च्या पलीकडे जात नाही आणि पहाटे २१-२२ पर्यंत उतरतं. जानेवारी २०१८ मध्ये असे चार-पाच दिवस सलग आले, तेव्हा रस्त्यावर जाकिटं दिसली. हसू नका, वर्षभरात तुम्हीही घालाल.

जानेवारी सरता सरता तोच वारा कोरडा होतो. फेब्रुवारी हा सरासरीने सर्वांत कमी पावसाचा महिना, १०५ मिलिमीटर. पण सरासरीवर फार विसंबू नका. फेब्रुवारी २०१४ मध्ये चांगीच्या केंद्रावर पूर्ण महिन्यात ०.२ मिलिमीटर पडला. हिरवळी पिवळ्या पडल्या होत्या. या दिवसांत वारा वाहता असतो, रात्री त्यातल्या त्यात बऱ्या जातात, दवबिंदूही एक-दोन अंशांनी उतरतो. आकड्यात हा फरक किरकोळ दिसतो, अंगाला मात्र लगेच कळतो. ऊन तेवढं जपा. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ढग कमी आणि सूर्य डोक्यावर, त्यामुळे अतिनील किरणं वर्षातली सर्वांत तीव्र.

मार्चअखेर ते मे हा माझ्या मते सर्वांत वाईट काळ. वारा पडतो. एक मोसमी वारा गेलेला आणि दुसरा अजून यायचाय. सकाळपासून नुसतं घुसमटल्यासारखं होतं. दुपारी बेटाच्या दोन्ही किनाऱ्यांवरून समुद्री वारे आत शिरून एकमेकांवर आदळतात, ढग उभे चढतात आणि तीन-चारच्या सुमाराला विजांसह कोसळतात. आपला वळीवच, फक्त आठवड्यातून चार वेळा येणारा. मातीचा वास येण्याइतकी माती मात्र आधी सुकलेली नसते. आणि पाऊस थांबला की गारवा येण्याऐवजी तापलेल्या डांबरावरून वाफ उठते. बेट पूर्व-पश्चिम जेमतेम ५० किलोमीटर, तरी पश्चिमेच्या जुरोंगला धो धो आणि पूर्वेच्या चांगीला कडक ऊन असं सर्रास घडतं. विजांना तिथे कुणी हलक्यात घेत नाही. जगातल्या सर्वांत जास्त विजा पडणाऱ्या भागांत या बेटाची गणना होते. इशारा मिळाला की पोहण्याचे तलाव मिनिटांत रिकामे होतात. मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, शिट्टी वाजली की वाद न घालता बाहेर यायचं.

जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे. आपल्या पावसाळ्याचेच भाऊबंद, पण तिथे पाऊस कमी आणतात, कारण वाटेत सुमात्रा या शेजारच्या इंडोनेशियन बेटाचे डोंगर आडवे येतात. या काळाची खूण म्हणजे सुमात्रा स्क्वॉल. मलाक्काच्या सामुद्रधुनीवर रात्री ढगांची रांग तयार होते आणि पहाटे ती बेटावरून सपकन निघून जाते. तास-दोन तास वादळी वारा आणि पाऊस, सकाळी नऊ-दहाला सगळं लख्ख. खिडक्या उघड्या टाकून झोपणाऱ्यांची गादी भिजते ती यात. या महिन्यांतल्या रात्री मात्र त्रास देतात. दक्षिणेकडून गरम समुद्रावरची हवा येते, आणि पूर्वेच्या व दक्षिणेच्या किनाऱ्याला काही रात्री पारा २८ च्या खाली येतच नाही. याच महिन्यांत, विशेषतः एल निनोच्या वर्षी, सुमात्रा आणि बोर्निओ बेटावरचा कालिमांतान इथल्या पीट जमिनींना, म्हणजे कुजक्या झाडपाल्याच्या जाड थरांच्या दलदलीला, लागलेल्या आगींचा धूर येतो. त्याला तिथे हेझ म्हणतात. २१ जून २०१३ला प्रदूषणाचा निर्देशांक ४०१ वर गेला होता. १०० च्या वर गेला की हवा आरोग्याला अपायकारक धरतात, यावरून काय ते समजा. दरवर्षी असं होत नाही, पण कुणाला दमा असेल तर हा काळ ध्यानात ठेवावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर पुन्हा एप्रिलसारखा, फक्त पाऊस वाढत जाणारा. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

चक्रीवादळं नाहीत, भूगोलाची कृपा. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या परिवलनामुळे वाऱ्याला मिळणारं वळण इतकं क्षीण असतं की वादळ गोल फिरायला लागतच नाही. तरी निसर्गाने एकदा थट्टा केलीच. डिसेंबर २००१ मध्ये वामेई नावाचं वादळ चक्क १.४ अंश अक्षांशावर जन्मलं आणि शेजारच्या मलेशियातल्या जोहोरवर धडकलं. हवामानशास्त्राच्या वर्गात आजही त्याचं उदाहरण देतात.

आता महिन्यांपेक्षा जास्त कामाची गोष्ट, घड्याळ. सिंगापूरचं घड्याळ सूर्याच्या पुढे आहे. रेखांशाने ते भारताच्या दीड तासाच्या आसपास पुढे हवं, पण १९८२ पासून अडीच तास पुढे लावलेलं आहे. म्हणून सूर्य उगवतो सातच्या सुमाराला, मावळतो सातच्या सुमाराला आणि डोक्यावर येतो एक वाजता. साडेसातची शाळा गाठणारी पोरं अंधारातच घराबाहेर पडतात. दिवसाचा सर्वांत थंड क्षण असतो सूर्योदयाच्या जरा आधी, म्हणजे साडेसहा-सातला. उकाड्याचा कळस एक ते चारमध्ये. नागपूरच्या सवयीने तुम्ही सकाळी नऊला चालायला निघाल तर ठीक आहे, ते आपल्याकडच्या आठसारखं. पण संध्याकाळी सहाला कोवळं ऊन समजून बाहेर पडाल तर फसाल, ते पाच वाजताचं ऊन असतं. आईंची फेरी सकाळी आठच्या आत किंवा रात्री आठनंतर. तिथले वृद्ध रात्री नऊला खाली बागेत बसलेले दिसतात, ते उगीच नाही.

घर बघताना दिशा आधी बघा, भाडं नंतर. विषुववृत्तावर सूर्य वर्षभर जवळजवळ सरळ पूर्वेला उगवतो आणि सरळ पश्चिमेला बुडतो. उत्तर-दक्षिण भिंतींवर ऊन तिरपं आणि उंचावरून येतं, दोन फुटांचं छज्जं ते अडवतं. पूर्व-पश्चिम भिंतींवर ते आडवं, सरळ खोलीत घुसतं, छज्ज्याला जुमानत नाही. पश्चिमेची भिंत संध्याकाळी सातपर्यंत तापते आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता आत सोडत राहते. झोपायची खोली नेमकी त्या भिंतीला असेल तर एसीचं बिल महिन्याच्या महिन्याला आठवण करून देईल. सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, म्हणजे एचडीबीच्या, बऱ्याच जुन्या इमारती उत्तर-दक्षिण तोंडाच्या आहेत, तळमजले मोकळे सोडलेले आहेत आणि घरात समोरासमोर खिडक्या आहेत. त्या बांधणाऱ्यांना हवा कळत होती. उलट नव्या काचेच्या इमारतींत वारा आडवा जायला वाटच नसते. घर दुपारी चारला बघायला जा, आणि निवड असेल तर एप्रिल-मेमध्ये. दलाल सकाळची वेळ देईल. सकाळी सगळी घरं चांगलीच असतात.

एसीबद्दल चार गोष्टी, कारण नवी माणसं सर्वांत जास्त गोंधळ इथे घालतात. नागपुरात एसीचं काम मुख्यतः तापमान उतरवणं. सिंगापुरात बाहेरची ३१ अंशांची हवा कॉइलवर, म्हणजे एसीतल्या थंड नळ्यांवर, १३ पर्यंत नेली तर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले जवळपास साठ पाणी काढण्यात जातात आणि चाळीसच तापमान उतरवण्यात. खोलीत तासाला ५० घनमीटर बाहेरची हवा फटींतून शिरत असेल, तर तेवढ्यानेच ड्रेन पाइपमधून तासाला अर्धा लिटर पाणी जातं. म्हणून गरजेपेक्षा मोठा एसी घेऊ नका. तो दहा मिनिटांत तापमान गाठतो, कॉम्प्रेसर थांबवतो, आणि पाणी हवेतच राहतं. खोली गार पण दमट, गुहेसारखी. लहान एसी जास्त वेळ संथ चालला तर अंग कोरडं राहतं. २५ किंवा २६ वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. तिथलं पर्यावरण खातंही २५ किंवा त्यावरच ठेवा असं सांगतं.

आणि १८ वर लावून झोपण्याचा मोह टाळा, त्याचं कारण नुसतं बिल नाही. एकदा एका घरमालकाने पाइप फुटल्याची तक्रार म्हणून मला बोलावलं. झोपायच्या खोलीच्या पलीकडे कपड्यांची एक चिंचोळी खोली होती, तिला एसी नव्हता. त्या खोलीतली भिंत गुडघ्यापर्यंत ओली, रंगाचे पोपडे सुटलेले, आणि कपाटाच्या पाठीवर काळ्या ठिपक्यांची बुरशी. प्लंबरने दोन ठिकाणी फरशी फोडून पाहिली होती, पाइप ठणठणीत. भिंतीला तापमापक लावला तर २१. त्या खोलीतल्या हवेचा दवबिंदू २४. एवढं पुरे होतं. अलीकडच्या एसीने भिंत रात्रभर गारठवली होती आणि पलीकडची हवा तिच्यावर दव सोडत होती, थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसं. एसी २५ वर नेला, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, दार उघडं ठेवायला सांगितलं. पंधरवड्यात भिंत वाळली. सिंगापुरातल्या कुठल्याही ओल्या भिंतीला आधी हाच प्रश्न विचारा, हिच्या पलीकडे काय चालू आहे?

चामड्याचे बूट, पुस्तकं, कॅमेऱ्याच्या लेन्स यांच्यावरही हीच आफत येते. लेन्ससाठी तिथे कोरड्या पेट्या मिळतात, हौस असेल तर घ्या. चष्मा मात्र रोज धुरकटणार. थंड मॉलमधून बाहेर पाऊल टाकलं की अर्धा मिनिट आंधळेपणा. वाट बघायची, पुसू नये. पुसला तरी पुन्हा धुरकटतो.

शरीराला सवय लागते का? लागते. रोज थोडं बाहेर राहिलं तर आठवडा-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि पातळ यायला लागतो, नाडी पूर्वीइतकी धावत नाही. पण एसीच्या घरातून एसीच्या गाडीने एसीच्या ऑफिसात जाणाऱ्याला वर्षानुवर्षं सवय लागत नाही, असे लोक मी पुष्कळ पाहिले. धावणं वगैरे करणार असाल तर तापमान बघू नका, वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर हा आकडा बघा. त्यात तापमान, दमटपणा, ऊन आणि वारा चारही येतात. २०२३ पासून तिथे याच आकड्यावर उष्णतेचा सल्ला देतात. ३१ च्या खाली ताण कमी, ३१ ते ३३ मध्यम, ३३ आणि वर तीव्र. मायएन्व्ह या तिथल्या सरकारी ॲपवर तो दिसतो. आईंसाठी ३१ ही रेघ धरा, तिच्यावर आकडा गेला की घरातच बसायचं.

एक गोष्ट बदलते आहे आणि ती तुमच्या मुलाच्या वाट्याला जास्त येणार. १९४८ पासून तिथलं तापमान दशकाला सुमारे पाव अंशाने चढत आलंय. त्यात जगाचं तापणं आहे आणि शहराचंही. दाट वस्तीचे भाग आणि झाडीचे भाग यांत काही रात्री सात अंशांपर्यंत फरक मोजला गेलाय. आमच्या धंद्याचा यात हात आहे, हे नाकारत नाही. खोलीतून काढलेली उष्णता एसी कुठे टाकतो? शेजाऱ्याच्या खिडकीखाली, वर स्वतःच्या मोटरची उष्णता जोडून. मरिना बे भागात जमिनीखालून थंड पाणी फिरवून अनेक इमारती एकाच ठिकाणाहून थंड करतात, ते याहून शहाणपणाचं. पण प्रत्येक मोहल्ल्यात ते होणं सोपं नाही. त्यामुळे घर घेताना जवळपास झाडी किंवा पाणी असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. रात्री खिडकी उघडून झोपता येणं ही तिथली खरी श्रीमंती.

कधी जावं, तर तुमच्यापुरतं बोलायचं झालं तर कधीही. काम करणाऱ्या माणसाला महिना निवडून काही साधत नाही. मुलाचं शालेय वर्ष जानेवारीत सुरू होतं, स्थानिक शाळेत घालणार असाल तर त्याप्रमाणे हला. आईंना पहिल्यांदा बोलवायचं ते जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, वारा असतो आणि पाऊस कमी. मेमध्ये नागपूरच्या उन्हातून सुटका म्हणून त्यांना तिकडे नेण्याचा विचार असेल तर सोडा. नागपुरात त्यांना कूलरच्या खोलीत बरं वाटेल.

स्वेटर वाटून टाकू नका. लोकरीचे जाड ठेवून जा, ते तिथे कपाटात बुरशी धरतात. पण प्रत्येकी एक पातळ, धुता येण्यासारखा, पूर्ण बाह्यांचा घ्या. सिनेमागृहं, लांब पल्ल्याच्या बस आणि बरीच ऑफिसं २१-२२ वर चालवतात, आणि बाहेरच्या घामाने भिजलेल्या शर्टात तिथे दोन तास बसलं की दुसऱ्या दिवशी घसा धरलाच. बॅगेत एक सुका बनियनही टाका, ऑफिसात पोचल्यावर आधी तो बदलायचा.